स्टिअरिंगला चिकटवलेला पाना

जिवावरच्या प्रसंगातून कुणी वाचला की आपल्याकडे हमखास म्हटले जाते, 'काळ आला होता, पण वेळ आली नव्हती.' वाक्य दिलासा देणारे आहे. पण त्यात एक गैरसोयही आहे. ते उच्चारले की पुढचे प्रश्न संपतात. काळ का आला, कोणत्या रस्त्याने आला, त्याला अडवता आले असते का, याची चौकशी करण्याचे कारण उरत नाही. स्कॉटलंडचे जॅकी स्ट्युअर्ट हे फॉर्म्युला वन मोटारशर्यतींचे तीन वेळचे जगज्जेते. १९६९, १९७१ आणि १९७३ ही त्यांच्या विजेतेपदांची वर्षे. ९९ शर्यतींत २७ विजय हा त्यांचा विक्रम १९८७ पर्यंत अबाधित होता. मात्र वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने त्यांच्या कारकीर्दीतील सर्वात मोलाची गोष्ट या आकड्यांत नाही. वेळ आली नव्हती म्हणून आपण वाचलो, हे उत्तर त्यांनी स्वीकारले नाही, ही ती गोष्ट.

१२ जून १९६६. बेल्जियममधील स्पा येथील शर्यत. तेव्हाचा तो मार्ग सुमारे १४ किलोमीटर लांबीचा, गावांमधून आणि शेतांच्या कडेने जाणारा साधा रस्ता होता. कडेला झाडे, विजेचे खांब, घरे. पहिल्याच फेरीत एका टोकाला धो धो पाऊस लागला आणि निम्म्याच्या आसपास गाड्या रस्त्यावरून घसरल्या. स्ट्युअर्ट यांची गाडी ताशी अडीचशे किलोमीटरहून अधिक वेगात बाहेर फेकली गेली, खांबावर आदळली आणि एका शेतघराजवळ चेपून थांबली. स्टिअरिंगखाली त्यांचा पाय अडकला होता. इंधनाची टाकी फुटून पेट्रोल अंगावर आणि बैठकीत साचत होते. एक ठिणगी पडली असती तर खेळ संपला होता. जवळच घसरलेले ग्रॅहम हिल आणि बॉब बाँड्युरंट हे दोन प्रतिस्पर्धी चालक धावून आले, पण स्टिअरिंग काढल्याशिवाय त्यांना बाहेर ओढता येत नव्हते आणि ते काढायला हत्यार नव्हते. अखेर एका प्रेक्षकाच्या गाडीतून पाना मागून आणला गेला. तोवर सुमारे २५ मिनिटे गेली होती. पुढचा प्रवासही तसाच. प्रथमोपचाराच्या खोलीत त्यांचे स्ट्रेचर जमिनीवर ठेवले होते, आजूबाजूला सिगारेटची थोटके पडलेली. तिथून लीज शहरातील रुग्णालयाकडे निघालेली रुग्णवाहिका रस्ता चुकली.

बरे होऊन परतलेल्या स्ट्युअर्ट यांनी पहिली गोष्ट केली ती अगदी साधी. आपल्या गाडीत स्टिअरिंगला त्यांनी एक पाना चिकटपट्टीने लावून ठेवला. पुन्हा तशी वेळ आली तर कुणाकडे मागायला नको! पण एका चालकाच्या पान्याने बाकीच्यांचे काय होणार, हाही प्रश्न त्यांना पडला. तिथून पुढची सात वर्षे ते दोन शर्यती एकाच वेळी खेळत होते. एक इतर चालकांशी, दुसरी मृत्यू गृहीत धरणाऱ्या व्यवस्थेशी.

या माणसाची घडण पाहिली तर त्याचे नवल वाटत नाही. १९३९ मध्ये डम्बार्टनजवळच्या मिल्टन या गावात जन्म, घरचे मोटार गॅरेज, थोरला भाऊ शर्यतीत उतरणारा. शाळेत मात्र हा मुलगा 'मठ्ठ' ठरला. अक्षरे जुळत नसत, वाचता येत नसे. पंधरा-सोळाव्या वर्षी शाळा सोडून तो गॅरेजमध्ये कामाला लागला. हा 'मठ्ठपणा' नसून डिस्लेक्सिया आहे, हे त्यांना वयाच्या ४१व्या वर्षी कळले, तेही मुलाची तपासणी झाली तेव्हा. डिस्लेक्सियाचा बुद्धिमत्तेच्या उणिवेशी संबंध नसतो. लिखित चिन्हे आणि ध्वनी यांची सांगड घालण्यात मेंदूला अडचण येते, एवढेच. ज्या मुलाला वर्णमाला सलग म्हणता येत नव्हती, त्याने पुढे जर्मनीतील न्युर्बुर्गरिंगच्या २२ किलोमीटरहून लांब मार्गाची दीडशेहून अधिक वळणे, प्रत्येक ठिकाणचा गिअर आणि ब्रेक दाबण्याची जागा यांसह तोंडपाठ केली. जे वाचता येत नाही ते बारकाईने पाहून लक्षात ठेवायचे, ही सवय त्यांना लागली होती. शर्यतीच्या रस्त्याकडे ते त्याच नजरेने पाहत. कुठे खांब रस्त्याला चिकटून आहे, कुठे कठडा नाही, कुठे मार्शलच्या हाती अग्निशामक नाही.

त्या काळी या नजरेची गरज किती होती, हे १९६८च्या चार महिन्यांवरून समजते. ७ एप्रिलला जिम क्लार्क, ७ मे रोजी माइक स्पेन्स, ८ जूनला लुडोव्हिको स्कार्फिओत्ती आणि ७ जुलैला जो श्लेसर. महिन्याला एक चालक गेला. क्लार्क तर स्ट्युअर्ट यांचे जवळचे मित्र आणि त्या काळचे सर्वश्रेष्ठ मानले गेलेले चालक. एवढा निष्णात माणूस मरू शकतो, तर 'जो चुकतो तो मरतो' या समजाला अर्थ राहत नव्हता. तरीही खेळाच्या चालकांचे, मार्गमालकांचे आणि अनेक पत्रकारांचे म्हणणे ठरलेले होते. धोका हाच या खेळाचा आत्मा आहे, कुणी बळजबरी केलेली नाही, भीती वाटत असेल त्याने घरी बसावे.

स्ट्युअर्ट यांच्या मागण्या आज वाचल्या तर त्यांत वादग्रस्त काय होते, असा प्रश्न पडेल. सुरक्षा पट्टे, पूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट, रस्त्याकडेला कठडे, झटकन काढता येणारे स्टिअरिंग, प्रशिक्षित अग्निशमन पथक आणि प्रत्येक मार्गावर सुसज्ज वैद्यकीय कक्ष. मागणी मान्य झाली नाही तेव्हा चालकांनी संघटितपणे नकार दिला. १९६९ मध्ये स्पाची शर्यत त्यामुळे झाली नाही. १९७० मध्ये जर्मन शर्यत न्युर्बुर्गरिंगवरून हॉकेनहाइमला हलवावी लागली. यावर 'भित्रा' म्हणून त्यांची टिंगल झाली. पण या आरोपाचे उत्तर त्यांनी आधीच देऊन ठेवले होते. १९६८ मध्ये त्याच न्युर्बुर्गरिंगवर, पावसात आणि दाट धुक्यात, मनगटाचे हाड मोडलेले असताना आधारपट्टी बांधून ते धावले आणि चार मिनिटांहून अधिक फरकाने जिंकले. धोका पत्करणे आणि निष्काळजीपणा सहन करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सांगण्याचा अधिकार यापेक्षा कसा कमवायचा?

त्यांच्या मागण्यांमागे शाळेत शिकवले जाणारे भौतिकशास्त्र आहे. धडकेत शरीराला मारक ठरतो तो वेग नव्हे, तर तो वेग किती कमी अंतरात शून्य होतो ते. ताशी ५४ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १५ मीटर, हा आपल्या शहरातलाही वेग. गाडीचे नाक चेपत चेपत पट्टा बांधलेला प्रवासी ६० सेंटिमीटरमध्ये थांबला, तर त्याच्यावर गुरुत्वाकर्षणाच्या साधारण १९ पट जोर येतो. दुखापत होईल, पण बहुतेकदा जीव वाचेल. पट्टा नसलेला प्रवासी मात्र गाडी थांबल्यावरही त्याच वेगाने पुढे जातो आणि समोरच्या कठीण पृष्ठभागावर जेमतेम पाच सेंटिमीटरमध्ये थांबतो. जोर २३० पटींच्या घरात जातो. कवटी थांबते, आतला मेंदू थांबत नाही. छाती थांबते, हृदयापासून निघणारी महाधमनी ताणली जाऊन फाटते. शिवाय वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते. कठडा, पट्टा, हेल्मेट या सगळ्यांचे काम एकच, थांबण्यासाठी आणखी काही सेंटिमीटर मिळवून देणे आणि मार शरीराच्या सोसू शकणाऱ्या भागांवर पसरवणे.

हे उपाय अर्धवट केले तर काय होते, याचेही धडे त्याच काळाने दिले. स्ट्युअर्ट यांचे मित्र योखेन रिंट यांना आग लागल्यास पटकन बाहेर पडता यावे म्हणून पायांमधून जाणारा पट्टा नको असे. ५ सप्टेंबर १९७० रोजी मोंझाला सरावात त्यांची गाडी धडकली, शरीर खाली घसरले आणि वरच्या पट्ट्यानेच गळ्याला जीवघेणी जखम केली. त्या वर्षीचे विजेतेपद त्यांना मरणोत्तर मिळाले. १९७४ मध्ये अमेरिकेतील वॉटकिन्स ग्लेन येथे हेल्मुट कोइनिग या तरुण चालकाची गाडी कठड्यावर आदळली. कठड्याची खालची पट्टी नीट बसवलेली नव्हती. ती वाकली, वरची तशीच राहिली आणि गाडी तिच्याखाली घुसली. कठडा होता, पण तो कागदोपत्री पुरेसा आणि प्रत्यक्षात घातक होता. सुरक्षेची साधने 'आहेत' असे म्हणणे आणि ती काम करतात हे तपासणे यांत जिवाइतके अंतर असते.

दुसरी बाजू धडकेनंतरची. गंभीर अपघातातील काही मृत्यू जागच्या जागी होतात. मेंदूला किंवा मोठ्या रक्तवाहिन्यांना झालेल्या इजेमुळे. ते टाळायचे तर धडकच सौम्य करावी लागते. पण अनेक जण पुढच्या काही मिनिटांत वा तासांत जातात. बेशुद्धीत जीभ मागे पडून श्वास अडतो, पोटात किंवा छातीत आतल्या आत रक्तस्राव होत राहतो. अशा जखमी माणसाला वाचवायला चमत्कार लागत नाही. वेळेवर मोकळा केलेला श्वासमार्ग, थांबवलेले रक्त आणि रस्ता माहीत असलेली रुग्णवाहिका लागते. सप्टेंबर १९७८ मध्ये मोंझाच्या अपघातात रॉनी पीटरसन यांचे पाय अनेक ठिकाणी मोडले. त्यांच्यापर्यंत रुग्णवाहिका पोहोचायला बराच उशीर झाला आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. मोडलेल्या हाडांच्या मगजातील चरबीचे कण रक्तात मिसळून फुप्फुसे आणि मेंदू यांच्या सूक्ष्म वाहिन्या बंद पाडतात, तो 'फॅट एम्बॉलिझम' त्याला कारण ठरला. त्याच वर्षी फॉर्म्युला वनचे वैद्यकीय काम हाती घेतलेले मेंदूशल्यविशारद सिड वॉटकिन्स यांनी मग आग्रह धरला, की पहिल्या फेरीत सर्व गाड्यांच्या मागोमाग डॉक्टरांची गाडी धावलीच पाहिजे. स्पाच्या त्या खोलीत सिगारेटच्या थोटकांशेजारी पडून जे स्ट्युअर्ट यांना जाणवले होते, त्याला असे नियमाचे रूप आले.

तोवर स्ट्युअर्ट निवृत्त झाले होते. त्यांच्या शरीरानेही बरेच सोसले होते. १९७१ चे विजेतेपद त्यांनी मोनोन्यूक्लिओसिस या प्रचंड थकवा आणणाऱ्या विषाणूजन्य आजाराशी झगडत मिळवले. १९७२ मध्ये ड्युओडेनममधल्या, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातल्या व्रणामुळे त्यांना एक शर्यत सोडावी लागली. १९७३ च्या वसंतातच त्यांनी वर्षअखेर थांबायचे ठरवले होते, पण पत्नी हेलन यांनाही सांगितले नव्हते. उरलेल्या शर्यती तिने मोजत बसू नये म्हणून. त्या जुलैत हॉलंडमधील झांडफोर्टला रॉजर विल्यम्सन उलटलेल्या जळत्या गाडीत अडकले. डेव्हिड पर्ली हा चालक स्वतःची शर्यत सोडून एकटा त्यांना सोडवायला धडपडत होता आणि आगीपासून बचावाची साधने नसलेले मार्शल पाहत उभे होते. विल्यम्सन गेले. ती शर्यत जिंकली होती स्ट्युअर्ट यांनी. आणि ६ ऑक्टोबरला, त्यांच्या शंभराव्या आणि अखेरच्या शर्यतीच्या आदल्या दिवशी, वॉटकिन्स ग्लेनला सरावात त्यांचा संघसहकारी, शिष्य आणि मित्र फ्रान्स्वा सेव्हेर २९व्या वर्षी मरण पावला. टिरेल संघाने माघार घेतली. शंभरावी शर्यत झालीच नाही. नोंदवहीत ९९ हा आकडा राहिला तो असा.

पुढचा इतिहास या झगड्याचे माप देतो. १९९४ मध्ये इमोला येथे रोलांड रात्झेनबर्गर आणि आयर्टन सेना लागोपाठच्या दिवशी गेले, तेव्हा पुन्हा सगळे तपासले गेले. २००३ पासून मान आणि डोके सांभाळणारे 'हान्स' उपकरण सक्तीचे झाले, २०१८ पासून चालकाच्या डोक्याभोवती 'हेलो' ही धातूची कमान आली. या कमानीलाही विरोध झाला. गाडी विद्रूप दिसते, खेळाची मर्दुमकी जाते, वगैरे. विरोधकांत रोमाँ ग्रोजाँ हेही होते. २९ नोव्हेंबर २०२० रोजी बहारीनला त्यांची गाडी कठडा भेदून दुभंगली आणि पेटली. धडकेचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या ६७ पट. कमानीने डोके वाचवले, पहिल्या फेरीत मागून येणारी डॉक्टरांची गाडी क्षणांत पोहोचली आणि २८ सेकंदांच्या आसपास ते हात भाजलेल्या अवस्थेत स्वतः बाहेर आले. रुग्णालयातूनच त्यांनी आपले मत बदलल्याचे जाहीर केले. स्पाची २५ मिनिटे आणि बहारीनची २८ सेकंदे. दैव दोन्हीकडे होते. फरक पडला तो माणसांनी पाच दशके केलेल्या कामामुळे.

'हा श्रीमंतांचा खेळ, बंदिस्त रस्ता, मोजके चालक. आपल्या रस्त्यांशी याचा काय संबंध' असे कुणी म्हणेल. साधने वेगळी आहेत, हे खरेच. विचार मात्र तोच. स्ट्युअर्ट स्पाला जखमी झाले त्याच १९६६ मध्ये अमेरिकेने रस्तेसुरक्षेचा राष्ट्रीय कायदा केला आणि त्या कामाच्या प्रमुखपदी विल्यम हॅडन या डॉक्टरांना नेमले. अपघाताकडे रोगासारखे पाहा, असे हॅडन यांचे सांगणे होते. धडकेपूर्वी, धडकेच्या वेळी आणि धडकेनंतर अशा तीन टप्प्यांत माणूस, वाहन आणि परिसर यांपैकी प्रत्येकात काय बदलता येईल याचा तक्ता मांडा. चुकलेला चालक हे त्या तक्त्यातले एक घर आहे, सगळा तक्ता नव्हे. आपल्याकडे मात्र पंचनामा बहुधा त्याच एका घरात संपतो.

केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. दिवसाला ४६० हून अधिक. त्यांत सर्वात मोठा वाटा दुचाकीस्वारांचा. एखाद्या साथीने रोज एवढे बळी घेतले असते तर देश बंद करावा लागला असता. मागच्या आसनावरही पट्टा बांधणे कायद्याने सक्तीचे आहे, पण आपल्याकडे तो आसनाच्या फटीत दडपलेला असतो. लहान मूल मांडीवर घट्ट धरले की झाले, असा समज असतो. वरचेच गणित लावा. ताशी ५४ किलोमीटरच्या धडकेत दहा किलोचे बाळ हातांना जवळजवळ १९० किलोचे होते. कोणत्याही आईचे, कोणत्याही बापाचे हात ते धरू शकत नाहीत. हेल्मेट कोपरात अडकवणारा किंवा हनुवटीखालचा बंद न लावणारा दुचाकीस्वार रिंट यांचीच चूक करत असतो. आणि रस्त्याच्या मधोमध टोकदार तोंडाने सुरू होणारा दुभाजक, अर्धवट सोडलेला कठडा, रात्री दिवे न लावता उभा ट्रक ही सगळी कोइनिग यांच्या कठड्याची भावंडे आहेत. त्यांचा चालकाच्या नशिबाशी संबंध नसतो. ती कुणीतरी तशी ठेवलेली असतात.

धडकेनंतरच्या टप्प्यात काही बरे घडले आहे. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला पोलीस वा रुग्णालय अडकवून ठेवू शकत नाही, नाव सांगण्याचीही सक्ती करू शकत नाही, असे संरक्षण २०१९ च्या मोटार वाहन कायदा दुरुस्तीने दिले आहे. तरीही अपघात झाला की गर्दी जमते, मोबाइल बाहेर निघतात आणि पुढे व्हायला हात कचरतात. त्या गर्दीतल्या एखाद्याने १०८ ला फोन करणे, जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरणे, मान न हलवता श्वास चालू आहे ना ते पाहणे, एवढे केले तरी तो स्पाच्या प्रेक्षकासारखा पाना पुढे करणारा ठरतो. पण व्यवस्था त्या अनोळखी प्रेक्षकाच्या भरवशावर चालू नये, हेच तर स्ट्युअर्ट यांचे म्हणणे होते.

वयाच्या उत्तरार्धात त्यांच्यासमोर असा शत्रू उभा राहिला, ज्याला कठडा घालता येत नाही. हेलन यांना २०१४ मध्ये फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया झाल्याचे निदान झाले. मेंदूच्या पुढच्या आणि कानशिलाजवळच्या भागांचा हा आजार स्मृतीच्या आधी बहुधा वागणे, भाषा आणि स्वभाव यांवर घाला घालतो. तो बरा करणारे औषध आज नाही. शर्यतींच्या दिवसांत स्टॉपवॉच हातात धरून पतीच्या फेऱ्यांची अचूक वेळ टिपणारी ही बाई. स्ट्युअर्ट यांनी २०१६ मध्ये 'रेस अगेन्स्ट डिमेन्शिया' ही संस्था काढली. ती तरुण संशोधकांना पाठबळ देते आणि शर्यतीच्या संघांत असते तशी घाई संशोधनात यावी असा आग्रह धरते. या शर्यतीत हेलन यांच्यासाठी वेळेत काही हाती लागेल, अशी खात्री कुणालाच नव्हती. पण 'वय झाले, आता काय करणार' असे म्हणून गप्प बसणे हे 'वेळ आली होती' म्हणण्याचेच दुसरे रूप.

माणूस मर्त्य आहे, याबद्दल स्ट्युअर्ट यांची कधी तक्रार नव्हती. त्यांची तक्रार टाळता येणाऱ्या मृत्यूला अटळ म्हणण्याविषयी होती. काळ येणारच. वेळ मात्र पुष्कळदा आपण आणतो. ढिला कठडा, न बांधलेला पट्टा आणि रस्ता चुकलेली रुग्णवाहिका यांच्या रूपाने.